गेटचा पत्रा आणि रात्रपाळी : एका गल्लीतल्या उन्हाळी सुट्टीचं प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगावच्या वडगाव-खासबाग भागातली एक अरुंद गल्ली. गल्लीचं नाव देत नाही, माणसांचीही नावं गाळली आहेत. नुसतं नाव बदलून इथं कुणी लपत नाही. "फाउंड्रीत जातोय बघ, पत्र्याच्या गेटवाला" एवढं म्हटलं तरी चार गल्ल्यांपलीकडचा माणूस घर दाखवेल. म्हणून काही खुणाही बदलल्या आहेत.

घरं एकमेकांना चिकटून, मधली भिंत सामाईक. निम्म्या घरांवर स्लॅब आला, निम्म्यांवर अजून मंगळुरी कौलं. कौलारू घरात मधली भिंत आढ्यापर्यंत गेलेली असतेच असं नाही. त्यामुळं शेजारी फोडणी पडली की वासाआधी तिचा चर्रकन आवाज आपल्या घरात येतो. गल्लीच्या तोंडाशी दोन घरांत यंत्रमाग आहेत. सकाळी आठला सुरू झाले की दिवसभर खटाखट.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक, गल्लीच्या पंच कमिटीत आहे. या प्रकरणात मध्यस्थी मी केली, आणि त्यातल्या दोन ठळक चुकाही माझ्याच.

ज्याच्यापासून हे सुरू झालं त्याला भाऊ म्हणू. वय चाळिशीच्या आसपास, उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, ओतणीवर. पाळी आठवड्याला बदलते. तिसरी पाळी रात्री अकरा ते सकाळी सात. घरी पोचायला साडेसात, अंघोळ-नाष्टा करून साडेआठ-नऊला आडवा. दुपारी तीनपर्यंत डोळा लागला तर रात्री पुन्हा भट्टीपुढं उभं राहता येतं. लोखंडाचा रस ओतताना साधारण १,३५० ते १,४०० अंशांवर असतो. लॅडल, म्हणजे रस ओतायचं भांडं, धरणाऱ्याला डुलकी परवडत नाही, हे लोकांना पटवायला मला नंतर फार बोलावं लागलं नाही. वडगावात कारखान्यात जाणारा माणूस घरटी एक आहे.

भाऊंच्या बरोबर समोर सौंदत्तीकडून आलेलं कन्नड बोलणारं कुटुंब राहतं. त्या घरातल्या बाईंना सगळी गल्ली अक्का म्हणते, मीही तेच म्हणेन. त्यांची दोन मुलं धरून गल्लीत खेळणारी पोरं नऊ, वय पाच ते तेरा. कुणी मराठी शाळेतलं, कुणी कन्नड, कुणी इंग्रजी. खेळताना भाषा एकच, ती यातली कुठलीच नाही.

अडचण

कर्नाटकातल्या शाळांना उन्हाळी सुट्टी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात लागते. भाऊंची तिसरी पाळी आणि सुट्टीचा पहिला आठवडा एकाच सोमवारी आले. दुपारचं ऊन पोरांना सोसत नाही, म्हणून क्रिकेट सकाळी नऊ ते बारा. टेनिस बॉल, प्लॅस्टिकची बॅट, आणि विकेट म्हणजे भाऊंचं पत्र्याचं गेट. गल्लीत तेवढं एकच गेट रस्त्याला काटकोनात आत घेतलेलं होतं, मागं बॉल जायला जागा नव्हती. पोरांच्या दृष्टीनं यापेक्षा चांगली विकेट सापडणं शक्य नव्हतं. बॉल पत्र्यावर आपटला की आऊट, त्यात भांडणाला वाव नाही.

गेटपासून भाऊंची खाट दहा फुटांवर, मधे एक खिडकी.

पहिल्या बैठकीत सगळे म्हणाले, "यंत्रमाग दिवसभर चालतात, त्यात झोप लागते, आणि पोरांच्या खेळानं मोडते? हे नाटक आहे." शंका रास्तच होती. मागाच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या पुढं असतो. तो भाऊंच्या खोलीत पोचतो तेव्हा बराच उतरलेला असतो, पण असतो. मी मोबाईलवर ॲप घेऊन त्यांच्या खाटेवर अर्धा तास बसलो. मागांची खटखट ५० ते ५५ च्या आसपास स्थिर. बॉल पत्र्यावर आपटला की आकडा ७५ च्या वर उडी मारायचा. ॲपचा आकडा पुरावा म्हणून धरता येत नाही, पण तुलना कळायला पुरतो.

खरी गोष्ट आकड्याहून वेगळी आहे. एकसारख्या आवाजाला झोपलेला मेंदू सरावतो. इथल्या जुन्या माणसांना विचारा, लाईट जाऊन माग थांबले की जाग येते, चालू असताना नाही. बॉलचं तसं नाही. तो चार मिनिटं वाजत नाही आणि पाचव्याला धाडकन वाजतो, मग "आऊट! आऊट!" आणि त्यावर वाद. पोरांचे आवाज चढे, आणि आपला कान नेमका अशा उंच पट्टीच्या आवाजांना सगळ्यात तिखट असतो. शिवाय रात्रपाळीवाल्याची दिवसाची झोप मुळातच उथळ. शरीराचं घड्याळ त्या वेळी जागं करायच्या कामाला लागलेलं असतं. भाऊंना त्या आठवड्यात सलग झोप तीन तासांच्या वर मिळाली नाही.

पहिले दहा दिवस : बिघडत गेलं

तिसऱ्या दिवशी भाऊ उठून बाहेर आले आणि बॉल उचलून आत घेऊन गेले. बोलले काहीच नाहीत. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरलं. बॉल वीस-तीस रुपयांचा, पण पोरांनी वर्गणी काढून आणलेला. दुसऱ्या दिवशी नवा बॉल आला आणि गेटवर मुद्दाम, नेम धरून आपटायला लागला. आधी आवाज खेळातून होत होता, आता आवाज हाच खेळ झाला.

मग माझी पहिली चूक. मी गल्लीच्या फळ्यावर लिहिलं : 'सकाळी नऊ ते दुपारी तीन गल्लीत खेळू नये. रात्रपाळीच्या कामगारांना त्रास होतो. – पंच कमिटी.' मराठीत. सवयीनं हात तसाच गेला. अक्कांच्या यजमानांनी त्याचा अर्थ असा घेतला की ही सूचना आपल्या पोरांना उद्देशून आहे आणि आपल्याला वाचता येऊ नये अशा बेतानं लिहिलेली आहे. त्यांना मराठी वाचता येतं, ते पुढं कळलं. पण प्रश्न तो नव्हताच. त्या फळ्यावर गणपतीच्या वर्गणीची सूचना दोन्ही भाषांत असते, आणि मनाईची फक्त एका भाषेत आली. नऊ पोरांतली पाच मराठी घरातली होती, पण दोन दिवसांत गल्लीत 'त्यांची पोरं' असा शब्द फिरू लागला. सीमाभागात राहणाऱ्याला इथून पुढचा रस्ता कुठं जातो ते सांगायला नको. नळाच्या पाण्यावरून सुरू झालेलं भांडणही इथं पाटीच्या भाषेवर जाऊन पोचू शकतं.

दहाव्या दिवशी सकाळी बॉल खिडकीच्या काचेवर बसला. भाऊंनी ११२ ला फोन लावला. पोलीस आले, दोन्ही बाजूंना समजावलं, पोरांच्या वडिलांना "लक्ष ठेवा" म्हणाले आणि गेले. आवाज त्या दिवशी बंद झाला. बोलणंही बंद झालं. "पाच वर्षांच्या पोरावर पोलीस बोलावले" ही गोष्ट संध्याकाळपर्यंत पार शहापूरपर्यंत पोचली होती.

समोर असलेले पर्याय

यानंतर मी, पंच कमिटीतले आणखी दोघे आणि महिला मंडळाच्या एक वहिनी असे चौघं बसलो.

कायद्याचं आधी पाहिलं, कारण भाऊंचा भर त्यावर होता. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, आणि ती पातळी १० डेसिबलनं ओलांडली तर तक्रार करता येते. पण तिथं दिवस म्हणजे सकाळी सहा ते रात्री दहा. भाऊंची रात्र कायद्याच्या भर दिवसात पडते. मर्यादेचा आकडाही काही वेळाची सरासरी मोजणारा आहे, अधूनमधून वाजणाऱ्या एका 'धाड'ला तो क्वचितच पकडतो. भारतीय न्याय संहितेत सार्वजनिक उपद्रवाची कलमं आहेत, २७० आणि २९२, पण तिथं दंडच मुळात १,००० रुपयांपर्यंतचा, आणि सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य गुन्हाच ठरत नाही. नऊपैकी दोघं सातच्या आतले. हे सगळं मी भाऊंना कागदावर लिहून दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "म्हंजे मी दिवसा झोपूलोय हाच माझा गुन्हा."

दुसरा पर्याय भाऊंनीच जुळवून घेण्याचा. कानात बोळे घालणं त्यांना जमेना. कारखान्यात आठ तास घालतातच, उकाड्यात कान चिघळलेले. जाड पडदे लावायचा सल्ला तिघांनी दिला. पडद्यानं खोलीतला घुमारा कमी होतो, बाहेरचा आवाज फारसा अडत नाही. अडवायला वजन लागतं, आणि फटी बुजवाव्या लागतात. कौलांखालून येणाऱ्या आवाजाला तर पडदा दिसतच नाही.

तिसरा पर्याय पोरांना मैदानावर पाठवण्याचा. ऐकायला उत्तम. जवळचं मोकळं मैदान मोठ्या रस्त्यापलीकडं, आणि तिथं मोठ्या मुलांच्या टेनिस बॉल स्पर्धा. पाच वर्षांच्या पोराला तिकडं कोण सोडणार? एका आईनं मला सरळ विचारलं, "मास्तर, घरात बसवून मोबाईल देऊ काय हातात?" तिच्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि खरं तर तिचंच बरोबर होतं. गल्लीत पोरं खेळतात हे गल्लीचं चांगलंच लक्षण आहे.

राहिला बोलण्याचा पर्याय. कुणी, कुणाशी, कुठल्या भाषेत, एवढंच ठरवायचं होतं.

काय केलं

कमिटीची मोठी बैठक बोलवायची असं दोघांचं मत होतं. वहिनी नको म्हणाल्या. बैठकीत पुरुष बोलतील, आणि एकदा चारचौघांत बोललेला शब्द कुणी मागं घेत नाही. त्याऐवजी त्या आणि भाऊंच्या पत्नी दुपारी अक्कांच्या घरी गेल्या. अक्का आधी "आडली बिडरी, सूटी अदा" यापुढं जाईनात. खेळू देत, सुट्टी आहे. मग भाऊंच्या पत्नीनं तोडक्यामोडक्या कन्नडमध्ये सांगितलं की त्यांची रात्री पाळी असते. 'पाळी' हा शब्द दोन्ही भाषांत एकच. अक्कांचा भाऊही तिकडं साखर कारखान्यात पाळीत जातो, गळिताच्या दिवसांत घरात पाय वाजला तरी त्याला चालत नाही. हे अक्कांनी आपणहून सांगितलं. चहा झाला. पहिल्यांदाच असं घडलं की भाऊ झोपतात ते आळसानं नाही, हे समोरच्या घरात कुणीतरी कुणाला तरी समजावलं.

पोरांशी मी बोललो, सगळ्यांशी एकत्र, मारुतीच्या कट्ट्यावर. इथं माझी शिक्षकी कामी आली, एरवी ती या प्रकरणात आडवीच आली होती. मी त्यांना गप्प बसा म्हटलं नाही. विचारलं, गेट सोडून विकेट कुठं करता येईल? "आम्ही हळूच खेळूलोय की" असा सूर आधी लागला. मग तेरा वर्षांच्या पोरीनं, त्यांची कॅप्टन तीच, गल्लीच्या दुसऱ्या टोकाच्या पडक्या घराची दगडी भिंत सुचवली. अंतर दुप्पट झालं की उघड्यावर आवाज सुमारे ६ डेसिबलनं उतरतो. अरुंद गल्लीत भिंती तो परतवतात, म्हणून उतार कमी. तरी दहा फुटांचे दीडशे फूट झाले, आणि पत्र्याऐवजी दगड आला.

त्या बदल्यात पोरांनी दोन गोष्टी मागितल्या. जप्त केलेला बॉल परत. आणि भाऊंना रात्रपाळी नसेल त्या आठवड्यात गेटची विकेट. दुसरी मागणी ऐकून मी हसलो, पण तिच्यात एक मोठा मुद्दा होता : आज भाऊ झोपलेत की कामावर गेलेत, हे पोरांना कळायचंच नाही. पाळी दर आठवड्याला बदलते, मग 'नऊ ते तीन खेळू नये' ही कायमची मनाई त्यांना अन्याय वाटणारच. दोन आठवडे भाऊ घरात नसताना किंवा जागे असतानाही गप्प का बसायचं?

म्हणून गेटवर एक पाटी अडकवली, शाळेची जुनी. रात्रपाळीच्या आठवड्यात तीवर खडूनं चंद्र काढायचा, एरवी सूर्य. कुठल्याच भाषेत काही लिहायचं नाही. चंद्र असेल तर नऊ ते अडीच गेटजवळ बॉल नाही. सकाळी साडेसहा ते साडेआठ वाटेल तसा खेळ, तेव्हा भाऊ वाटेवर किंवा नाष्ट्यावर असतात. मधल्या वेळात गोट्या, कॅरम, आणि अक्कांच्या पडवीत कवड्यांचा चौकाबारा. बॉल भाऊंनी स्वतः परत द्यायचा, माझ्या हातून नाही. या अटीवर भाऊ एक दिवस अडले होते.

गेटचंही काम केलं. पत्रा चौकटीत सैल झाला होता, म्हणून बॉल लागल्यावर नुसता वाजत नव्हता, थरथरत राहायचा. नट आवळले, आतून जुन्या ट्यूबच्या पट्ट्या आणि दुहेरी गोणपाट ताणून बांधलं. आवाज 'धाड'चा 'धप' झाला. भाऊंची खाट मागच्या खोलीत गेली, खिडकीच्या फटींना फोमच्या पट्ट्या, आणि डोक्याशी टेबलफॅन. वाऱ्याइतकाच त्याच्या एकसुरी घरघरीचा उपयोग. सगळा खर्च सातशे रुपयांच्या आत.

निष्पत्ती

पुढच्या रात्रपाळीला भाऊंची झोप पाच ते साडेपाच तासांवर गेली. सात तास कधीच झाली नाही, उन्हाळ्यात कौलाखाली ती होणारही नाही.

शिवजयंतीचा पेच निव्वळ नशिबानं सुटला. बेळगावात ती वैशाख शुद्ध द्वितीयेला असते, आणि चित्ररथ मिरवणुकीसाठी पोरांची लेझीम-झांजांची तालीम आधीपासून सुरू होते. त्या दिवसांत भाऊंची दुसरी पाळी होती. ते संध्याकाळी घरातच नव्हते. तिसरी असती तर तालमीला कमिटीनं नाही म्हटलं असतं का? मला वाटत नाही.

करार एकदा सपशेल मोडला, मेमध्ये. महाराष्ट्रात सुट्टी उशिरा लागते, त्यामुळं कोल्हापूर-गडहिंग्लजकडची भाचरं आपल्याकडं मेमध्ये येऊन मिळतात. नऊची पंधरा झाली, आणि पाहुण्यांना चंद्राचा अर्थ ठाऊक नव्हता. सकाळी दहाला गेटवर सामना सुरू. भाऊ उठून बाहेर येईपर्यंत कॅप्टननं पाहुण्यांना तिकडून हाकललं होतं, बऱ्यापैकी शिव्या घालून. भाऊ काही न बोलता परत झोपायला गेले.

सगळं जुळलं असं नाही. ज्यांच्या मुलाच्या बॉलनं काच फुटली ते, मराठीच, अजून भाऊंशी बोलत नाहीत. त्यांचा राग आवाजाचा नाही, ११२ चा आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, नेमका कुठला आवाज, हे पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं. मी 'पोरांचा दंगा' असं धरून चाललो आणि दंगा थांबवायला निघालो. भाऊंना दंग्याचा त्रास थोडा होता, पत्र्याचा फार. दहा दिवस आधी नट आवळले असते तर कदाचित हे प्रकरणच झालं नसतं. गेट भाऊंचं, सैल पत्राही भाऊंचा, हे त्यांना सांगायला मात्र, त्यांनी बॉल परत देईपर्यंत मी थांबलो. आधी सांगितलं असतं तर मीही 'त्यांच्यातला' झालो असतो.

फळ्याबद्दल वर लिहिलंच आहे. दोन्ही भाषांत लिहिलं असतं तरी ती मनाईच राहिली असती. फळा पोरांसाठी नव्हताच, पोरं फळा वाचत नाहीत.

पोलिसांना बोलावण्याबद्दल आमच्यात अजून दोन मतं आहेत. वहिनींच्या मते त्या फोनमुळंच सगळे गंभीर झाले. मला वाटतं, तो फोन आधीच्या दहा दिवसांत आम्ही काही न केल्याचा परिणाम होता. एक नक्की, झोपेतून दचकून उठलेल्या माणसानं त्याच क्षणी कुणाशी बोलू नये. बॉल उचलणं आणि फोन लावणं, दोन्ही भाऊंनी डोळे चोळत केलं. संध्याकाळी जाऊन बोलले असते तर तेच शब्द वेगळे ऐकू आले असते.

आणखी एक गोष्ट सगळं निवळल्यावर सुचली. एप्रिल-मेपुरत्या रात्रपाळ्या एखाद्या सहकाऱ्याबरोबर बदलून घेता येतील का, हे भाऊंनी सुपरवायझरला विचारलंच नव्हतं. विचारल्यावर एक आठवडा बदलून मिळाला. गल्लीचा प्रश्न गल्लीतच सोडवायच्या नादात कारखान्याकडं कुणाचं लक्षच गेलं नाही.

सध्याची स्थिती

दसऱ्याच्या सुट्टीत पाटी पुन्हा गेटवर आली. या वेळी चंद्र अक्कांच्या धाकट्यानं काढला, भाऊंना न विचारता, आणि आठवडा चुकला. भाऊ पहिल्या पाळीहून दुपारी घरी आले तर गल्ली चिडीचूप. पावसाळ्यात पत्र्यामागचं गोणपाट कुजलं आहे. ते कुणी बदलायचं, भाऊंनी की पोरांच्या वर्गणीतून, यावर कट्ट्यावर बोलणी चालू आहेत.